खलज

खलज : मध्ययुगात आजच्या अफगाणिस्तानच्या दक्षिण व पूर्व भागांत वसलेली तुर्की टोळी. दिल्लीचे खलजी (मराठीत रूढ खिलजी) घराणे याच टोळीचे मानले जाते. टोळीच्या उगमाविषयी मतभेद आहेत.

दहाव्या शतकातील अरबी भूगोलकार इस्तख्री हा खलज प्राचीन काळीच हिंद व सिजिस्तान (सीस्तान; आजच्या इराण-अफगाणिस्तान सीमेवरील प्रदेश) यांच्यामधील प्रदेशात आले, असे सांगतो. त्याच शतकातील विश्वकोशकार ख्वारिज्मी त्यांना हेफ्थलाइट (श्वेत हूण) लोकांचे अवशेष ठरवितो. या विधानाच्या आधारे मार्क्वार्ट आदी विद्वानांनी खलजांचा संबंध हूणांशी जोडला; तथापि हेफ्थलाइटांच्या मूळ भाषेचाच निर्णय झालेला नसल्याने हा पुरावा जपून वापरावा लागतो. सु. १०७० च्या दशकात तुर्की भाषांचा कोशकार महमूद काश्गरी याने ओगुझांच्या (एक मोठा तुर्की टोळीसमूह) बावीस शाखा देऊन खलजांच्या दोन शाखा त्यांपासून वेगळ्या झाल्याचे नोंदविले आहे. टोळीचे नाव तो ‘थांबा’ या अर्थाच्या तुर्की शब्दांवरून साधतो, तर इराणी इतिहासकार रशीदुद्दीन याच्या कथेत त्याच शब्दांचा अर्थ ‘उपाशी राहा’ असा होतो. दोन्ही व्युत्पत्ती लोककथेच्या स्वरूपाच्या आहेत. शिवाय अरबी लिपीत ‘खलज’ आणि ‘खल्लुख’ (कार्लुक ही दुसरी तुर्की टोळी) ही नावे नुक्त्यांच्या फरकाने एकमेकांत मिसळतात, त्यामुळे हस्तलिखितांतील अनेक उल्लेख संदिग्ध राहतात. बॅक्ट्रियन (उत्तर अफगाणिस्तानातील प्राचीन इराणी) भाषेतील सातव्या-आठव्या शतकांच्या दस्तऐवजांत या लोकांचा उल्लेख येत असल्याने त्यांचे येथील वास्तव्य इस्लामपूर्व होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

इराणात कोम व सावे या शहरांच्या परिसरात आजही खलज भाषा बोलली जाते. प्राच्यविद्यापंडित मिनॉर्स्की यांनी तिचे नमुने विसाव्या शतकाच्या आरंभी गोळा केले. पुढे भाषाशास्त्रज्ञ गेरहार्ड डर्फर यांनी ती ओगुझ नसून तुर्की भाषांची स्वतंत्र शाखा असल्याचे प्रतिपादन केले. ओगुझ शाखेतील तुर्कस्तानच्या तुर्कीत पायाला ‘अयाक’ म्हणतात, तेथे खलजमध्ये ‘हदक’ असे जुने रूप टिकून आहे. काश्गरीने खलजांना दिलेले ओगुझ वंशावळीतले स्थान यामुळे बरेच डळमळीत होते. मात्र भाषा आणि वंश यांचा इतिहास एकच असतो, असेही नाही.

गझनीच्या सबुक्तगीनने खलजांना सैन्यात घेतले. बख्तियार खलजीने तेराव्या शतकाच्या आरंभी बंगाल जिंकला. १२९० मध्ये जलालुद्दीन दिल्लीच्या तख्तावर आला, तेव्हा दिल्लीकर त्याला तुर्क मानत नसत, असे चौदाव्या शतकातील इतिहासकार बरनी याच्या लेखनावरून दिसते. दीर्घ वास्तव्याने खलजांचे अफगाणीकरण झाले असावे, हा त्याचा सर्वमान्य उलगडा होय. पश्तूनांतील घिलजी त्यांचेच वंशज, हे मत मात्र विवाद्य आहे. १२९६ मध्ये जलालुद्दीनचा पुतण्या अलाउद्दीन याने देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवावर स्वारी केली. माळव्यातील खलजी सत्ता १४३६ मध्ये स्थापन झाली.