पॅडल शिफ्टर आले कुठून?

ऑटोमॅटिक गाडीत स्टीअरिंगमागे गियर बदलायच्या त्या दोन पट्ट्या, उजवी प्लस (गियर वर) आणि डावी मायनस (गियर खाली), आता ब्रेझा, अर्टिगा, सिटी असल्या घरच्या गाड्यांतही येतात, पण गोव्यात बहुतेकांच्या त्या कोऱ्याच राहतात, कारण पणजी-म्हापसा ट्रॅफिकमध्ये त्यांना हात लावायचं कारणच पडत नाही.

स्टीअरिंगवर गियर आणायची हौस तशी जुनी. 1958 च्या एडसेल या अमेरिकन गाडीत गियरची बटणं स्टीअरिंगच्या मधोमध होती, म्हणजे जिथे लोक हॉर्न शोधतात बरोबर तिथेच, त्यामुळे ते एका वर्षात गुंडाळलं गेलं.

आजचं पॅडल मात्र रेसिंगमधून आलं. फेरारीचा डिझायनर जॉन बार्नर्ड याला फॉर्म्युला वन गाडीतला गियरचा दांडा आणि मागे गियरबॉक्सपर्यंत जाणारा त्याचा रॉड काढून टाकायचा होता, कॉकपिट अरुंद करता यावं म्हणून. ड्रायव्हरचा हात स्टीअरिंगवरून सुटत नाही हा फायदा वर मिळाला. गियर टाकायचं काम हायड्रॉलिक्स म्हणजे तेलाचा दाब करणार, इलेक्ट्रॉनिक्स मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीचं. टेस्टिंगला गाडी सारखी बंद पडायची आणि 1989 ला ब्राझीलच्या पहिल्याच रेसला ड्रायव्हर नायजेल मॅन्सेलने त्याच गाडीत रेस जिंकून दाखवली! पुढे सीझनभर ती कितीदा अर्ध्यात बसली ते सोडा, पाच-सहा वर्षांत सगळ्या टीम्स त्याच वाटेने गेल्या. रस्त्यावरच्या फेरारीत ते 1997 ला 355 या मॉडेलमध्ये आलं. आणि गंमत म्हणजे 2014 च्या आपल्या मारुती सेलेरिओतलं एएमटीही (साध्या गियरबॉक्सवर बसवलेलं ऑटोमॅटिक) मारेलीचंच, पॅडल नाही पण क्लच-गियर मशीनने चालवायचं तत्त्व तेच.

रेसमध्ये सेकंद वाचवायला केलेली ही गोष्ट आपल्याकडे कामाला येते ती घाट उतरताना. चोर्ला घाटातून केरीकडे येताना गाडी डी (नेहमीचा ऑटोमॅटिक ड्राइव्ह) मध्येच ठेवली की ती वरचा गियर धरून पळते आणि लोक ब्रेक दाबत दाबत खाली येतात, ब्रेक तापून वास सुटतो. डावं पॅडल दाबून एक-दोन गियर पाडले की इंजिनच गाडी धरतं. स्पीड फारच असला तर गियरबॉक्स ऐकत नाही, इंजिन वाचवतो तो. सीव्हीटीत (पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) खरे गियर नसतात, सिटीतले सात नुसते ठरवलेले टप्पे, पण उतारावर तेही धरतात. फक्त डी मध्ये पॅडल मारलं तर गाडी थोड्या वेळाने आपोआप परत ऑटोमॅटिकवर जाते, म्हणून उतार लांब असेल तर आधी एम (मॅन्युअल) किंवा एस (स्पोर्ट) ला टाका, मग गियर पाडा.