उथळ समुद्रांचा बहर आणि ओहोटी

स्कॉटलंडच्या दक्षिण भागात, मॉफट गावाजवळच्या डोंगरांत, डॉब्ज लिन नावाची एक अरुंद घळ आहे. तिथल्या काळ्या शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकाचा, एक पापुद्रा सुरीच्या टोकाने अलगद सोडवला, तर आत शिसपेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. भिंगातून पाहिले की अनेक रेघांच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दाते असल्याचे लक्षात येते. यातला प्रत्येक दाता म्हणजे एका चिमुकल्या समुद्री जीवाची खोली, आणि पूर्ण रेघ म्हणजे अशा अनेक जीवांची वसाहत. या जीवाश्मांना ग्रॅप्टोलाइट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थच ‘दगडावरचे लेखन’ असा आहे.

हे लेखन नीट वाचले ते चार्ल्स लॅपवर्थ या शिक्षकाने. शाळेतील काम सांभाळून त्यांनी वर्षानुवर्षे या घळीतील थर तपासले आणि प्रत्येक थरात ग्रॅप्टोलाइटांचे प्रकार ठरावीक क्रमाने बदलत जातात हे दाखवले. जो खडक हजारो फूट जाडीचा समजला जात होता, तो प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा घड्या पडलेला एक पातळ थर आहे, हे त्यांनी १८७८ साली सिद्ध केले. पुढच्याच वर्षी, सेजविक आणि मर्चिसन या दोन दिग्गज भूशास्त्रज्ञांनी ज्या खडकांवर आपापला हक्क सांगितला होता, त्यांच्यासाठी लॅपवर्थ यांनी वेल्समधील एका प्राचीन जमातीवरून ‘ऑर्डोव्हिसियन’ हे वेगळे नाव सुचवले. हा काळ साधारण ४८.५ कोटी ते ४४.४ कोटी वर्षांपूर्वीचा.

त्याआधीच्या कँब्रियन काळातील जीवांच्या ‘स्फोटा’विषयी पुष्कळ लिहिले जाते. ऑर्डोव्हिसियनच्या वाट्याला तेवढे कौतुक येत नाही, आणि मला ते अन्यायाचे वाटते. कँब्रियनमध्ये प्राण्यांच्या शरीररचनेचे मुख्य आराखडे दिसू लागले, पण त्या आराखड्यांतून समुद्र खऱ्या अर्थाने भरला तो ऑर्डोव्हिसियनमध्ये. समुद्री प्राण्यांच्या कुलांची संख्या या काळात सुमारे तिपटीने वाढली. त्या वेळी समुद्राची पातळी फार उंच होती. भारताला पोटात घेतलेला गोंडवन हा महाखंड दक्षिण ध्रुवापर्यंत पसरला होता, तर लॉरेन्शिया, बाल्टिका आणि सायबेरिया हे भूखंड एकमेकांपासून दूर होते. त्यांच्या सखल भागांवर पाणी चढून विस्तीर्ण, उथळ, उजेडाचे समुद्र तयार झाले होते आणि प्रत्येक समुद्रात वेगळ्या प्रजाती घडत होत्या. अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या परिसरात रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्यांमध्ये हा समुद्रतळ आजही दिसतो. तिथल्या चुनखडकाच्या लाद्या ब्रॅकिओपॉड या दोन शिंपांच्या समुद्री प्राण्यांच्या शिंपल्यांनी आणि ब्रायोझोअन या वसाहतीने राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांच्या फांद्यांनी अक्षरशः खच्चून भरलेल्या असतात. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात याच काळातील एक ट्रायलोबाइट (खंडांच्या कवचाचा, आता नामशेष झालेला समुद्री प्राणी) सापडला, त्याची लांबी ७० सेंटिमीटरहून अधिक आहे. समुद्रलिली नावाचे प्राणी लांब देठांवर उभे राहून वरच्या पाण्यातले कण गाळून घेत, खाली गाळात बिळे करणारे जीव राहत, आणि या सगळ्यांवर सरळ, निमुळत्या कवचाचे नॉटिलॉइड, म्हणजे माकूळाचे दूरचे नातलग असलेले शिकारी, फिरत.

या बहराची कारणे अनेक असावीत. कोनोडोंट नावाच्या जीवांच्या दातांसारख्या अवशेषांमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, असे दिसते की, आरंभी अतिशय उष्ण असलेले समुद्र हळूहळू निवत जाऊन आजच्या उष्णकटिबंधीय समुद्रांच्या तापमानाला आले, आणि विविधतेची वाढही याच सुमारास झाली.

पण पुढे हे निवणे थांबले नाही. सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वी गोंडवनाच्या दक्षिण भागावर प्रचंड हिमस्तर साचले. त्यांचा पुरावा सापडला तो सहारा वाळवंटात: सरकत्या बर्फात अडकलेल्या दगडांनी खडकावर ओढलेले समांतर ओरखडे अल्जीरियात स्पष्ट दिसतात, कारण तो प्रदेश तेव्हा दक्षिण ध्रुवाजवळ होता. पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्राची पातळी कित्येक मीटरांनी खाली गेली आणि ज्या उथळ समुद्रांनी हे वैभव घडवले होते, तेच आटले. उथळ पाण्याशी बांधलेल्या प्रजातींना दुसरीकडे जायला जागा उरली नाही. थंडीला सरावलेले हिर्नांशिया नावाचे ब्रॅकिओपॉड आणि त्यांचे सोबती मात्र वेल्सपासून चीनपर्यंत पसरले.

त्यांचे राज्यही फार टिकले नाही. बर्फ वितळून समुद्र पुन्हा चढू लागला, तेव्हा ऑक्सिजन कमी असलेले पाणी किनाऱ्यालगतच्या तळावर पसरले आणि दुसरा तडाखा बसला. दोन्ही मिळून समुद्रातील सुमारे ८५ टक्के प्रजाती नष्ट झाल्या असा अंदाज आहे. पृथ्वीवरील पाच महाविलोपनांपैकी हे सर्वांत पहिले.

महाराष्ट्रात या घटनेचे खडक शोधून सापडणार नाहीत, कारण आपला काळा कातळ जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा आहे. हिमाचल प्रदेशात, स्पितीमधील पिन नदीच्या खोऱ्यात मात्र ऑर्डोव्हिसियन समुद्रातील ब्रॅकिओपॉड आणि प्रवाळ आज हिमालयाच्या उंचीवर उघडे पडलेले आहेत.

डॉब्ज लिनच्या घळीत हा सारा प्रसंग खडकाच्या रंगातच उतरला आहे. फिकट करड्या थरांत ग्रॅप्टोलाइट जवळजवळ नाहीतच. त्यांच्यावर पुन्हा काळा शेल सुरू होतो, आणि त्याच्या तळापासून १.६ मीटर उंचीवर ऑर्डोव्हिसियननंतरच्या सिल्युरियन काळाच्या आरंभाची जगन्मान्य सीमा आखलेली आहे. ग्रॅप्टोलाइटांचे अगदी मोजके वंश या संकटातून तरले. तिथून वरचे पापुद्रे उलगडत गेले, की पुन्हा रेघा भेटू लागतात, आणि हळूहळू त्यांत नव्या घडणीच्या रेघा वाढत जातात. त्यांचे दाते एकाच कडेला असतात.