उगवती-मावळती ओळखणारा वाळूतला जीव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या शेतात पूर्व-पश्चिम हे शब्द क्वचितच कानावर पडतात. तिथं उगवतीचा बांध असतो आणि मावळतीचा बांध असतो. वेळही आकाशाकडं बघूनच सांगायची जुनी रीत. दिवस कासराभर वर आला की भांगलणीला निघायचं. म्हणजे दिशा आपल्याला आधीच ठाऊक असतात आणि सूर्य कुठं पोचलाय त्यावरून आपण वेळ काढतो. समुद्राच्या वाळूत राहणारा एक इवलासा जीव हेच गणित उलटीकडून सोडवतो. वेळ त्याच्या अंगातच असते. दिशा तो सूर्याला विचारतो.

शास्त्रीय नाव टॅलिट्रस सॅल्टेटर. सॅल्टेटर म्हणजे लॅटिनमध्ये उड्या मारणारा. लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर, अंग दोन्ही बाजूंनी चेपलेलं. दिसायला किडा वाटला तरी तो कोळंबी-खेकड्यांच्या गणगोतातला आहे. राहतो युरोपच्या किनाऱ्यांवर, पण त्याच्या कुळातली भावंडं भारताच्या किनाऱ्यावरही आहेत. दिवसभर ओल्या वाळूत पुरून घ्यायचं, आणि रात्री वर येऊन लाटांनी आणून टाकलेल्या शेवाळावर पोट भरायचं, असा त्याचा दिनक्रम.

त्याची सगळी अडचण ओलाव्याची आहे. तो श्वास घेतो कल्ल्यांनी, आणि अंगातलं पाणी धरून ठेवायची सोय तुटपुंजी. कोरड्या वाळूत अडकला तर उन्हानं सुकून मरेल. लाटेबरोबर समुद्रात गेला तर तिथंही त्याचा निभाव लागत नाही. त्याला जगायला किनाऱ्यालगतची ओल्या वाळूची अरुंद पट्टी तेवढी मिळालेली. म्हणून कोरड्यात सापडला की तो समुद्राकडं धावतो आणि पाण्यात पडला की जमिनीकडं, दोन्ही वेळा किनाऱ्याच्या रेषेला काटकोन करून, म्हणजे सगळ्यात जवळच्या वाटेनं. पण समुद्र कुठल्या बाजूला, हे दीड सेंटिमीटरच्या जिवाला वाळूच्या उंचवट्यांमधून कसं दिसणार?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीतल्या लिओ पार्दी आणि फ्लोरिआनो पापी या प्राणिशास्त्रज्ञांनी हा प्रश्न हातात घेतला. त्यांचे प्रयोग मला फार आवडतात, कारण त्यांना लागलेलं सामान आपल्या घरातही सापडेल. या जिवांना काचेच्या कोरड्या भांड्यात ठेवायचं, आजूबाजूचा किनारा दिसू द्यायचा नाही, फक्त वरचं आकाश मोकळं. तरीही ते समुद्राच्या बाजूला गोळा झाले. मग सूर्य आडोशानं झाकला आणि आरशानं त्याचं प्रतिबिंब दुसऱ्या बाजूनं पाडलं. त्यांची धाव आरशातल्या सूर्याप्रमाणं वळली.

त्यापुढचा प्रयोग तर अगदी डोळ्यांसमोर उभा राहतो. इटलीच्या एका अंगाला समुद्र मावळतीला आहे, आपल्या कारवार-गोव्यासारखाच. दुसऱ्या अंगाला एड्रियाटिक समुद्र आहे, तो उगवतीला. मावळतीच्या किनाऱ्यावरचे जीव उचलून एड्रियाटिकवर नेले. समोर लाटा फुटत असताना त्यांनी पाठ फिरवली आणि ते मावळतीकडं, म्हणजे चक्क जमिनीच्या आत, जाऊ लागले. नव्या समुद्राचा आवाज, वास, काहीच त्यांना थांबवू शकलं नाही.

पण सूर्य तर दिवसभर सरकत असतो. सकाळी त्याला पाठीवर घेऊन समुद्र गाठणाऱ्याला संध्याकाळी त्याच्याकडं तोंड करावं लागतं. म्हणजे आत्ता किती वाजलेत हे त्या जिवाला कळत असलंच पाहिजे. संशोधकांनी त्यांना बंद खोलीत ठेवून दिव्यांची उघडझाप खऱ्या दिवस-रात्रीपेक्षा काही तास मागं-पुढं केली. काही दिवसांनी उन्हात आणल्यावर त्यांची दिशा चुकली, आणि चुकली ती हिशेबानं! सहा तासांचा फरक पाडला की धाव सुमारे काटकोनात वळते. घड्याळ अंगातच आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा काय हवा? आणि प्रयोगशाळेत जन्मलेली, समुद्र कधीच न पाहिलेली पिल्लंसुद्धा आईबापांच्या किनाऱ्याची दिशा धरतात. ती त्यांना वारशानं मिळते.

रात्री चंद्र असेल तर हे जीव त्याच्यावरून दिशा धरतात. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, तेव्हा सूर्याचं घड्याळ त्याला चालणार नाही. २०१६ साली इटली आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की चंद्राचा हिशेब ठेवायला त्यांना मिशा लागतात. मिशा काढल्या तर चंद्रावरून दिशा चुकते, सूर्यावरून चुकत नाही.

सूर्याच्या या हिशेबाची अवघड बाजू अशी, की त्याची दिशा दर तासाला सारखी सरकत नाही. ते समजून घ्यायला समुद्रावर जायची गरज नाही, बेळगावातलं परडं पुरतं. इटलीत सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. आपल्याकडं तो वर्षातून दोनदा येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात ३-४ तारखेच्या सुमारास आणि ऑगस्टच्या ८-९ तारखेच्या सुमारास. ऑगस्टात आपल्याकडं पावसाची झड असते, तेव्हा मे महिनाच धरा. सपाट जागेवर एक काठी उभी रोवा आणि सकाळपासून तासातासानं सावलीच्या टोकाला खडा ठेवत जा. सावली आखूड होत जाईल, पण बाजू जवळजवळ बदलणार नाही. उगवल्यापासून डोक्यावर येईपर्यंतच्या सहा तासांहून अधिक वेळात सूर्याची दिशा जेमतेम १६-१७ अंश सरकते. मग साडेबाराच्या सुमारास सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते, आणि थोड्याच वेळात ती उगवतीच्या बाजूला डोकावू लागते. सकाळभर उगवतीला असलेला सूर्य त्या काही मिनिटांत मावळतीचा झालेला असतो.