मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात चिनी जेड आले कुठून?

काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दगडी मूर्ती आणि लघुचित्रे पाहत फिरणारा माणूस एका टप्प्यावर थबकतो. समोर चिनी मातीची भांडी, जेड या मौल्यवान दगडातले कोरीवकाम, जपानी वस्तू, आणि दुसऱ्या दालनात चक्क युरोपातली तैलचित्रे. मुंबईच्या संग्रहालयात हे सगळे कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. कोणी अभिरक्षकाने (क्युरेटरने) यादी करून या वस्तू मागवलेल्या नाहीत. त्या दोन भावांच्या घरातून आल्या, आणि त्या घरात जे होते तेच संग्रहालयात आले.

ही संस्था मुळात वर्गणीतून उभी राहिली. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा पाचवा जॉर्ज, मुंबईत येणार म्हणून शहरातल्या प्रतिष्ठितांची समिती नेमली गेली आणि 11 नोव्हेंबर 1905 रोजी त्याच्याच हस्ते पायाभरणी झाली. सर करीमभाई इब्राहिम यांनी तीन लाख रुपये दिले, सर कावसजी जहांगीर यांनी पन्नास हजार. त्या काळी मुंबईत मोठी देणगी म्हणजे बहुधा इमारतीसाठी दिलेले पैसे. त्याआधी भायखळ्याचे संग्रहालय, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872 मध्ये खुले झाले, तेही नाना शंकरशेट, भाऊ दाजी यांच्यासारख्यांच्या खटपटीमुळे आणि सधन नागरिकांच्या पैशावर. आत काय ठेवायचे हा प्रश्न मागाहून यायचा.

माझ्या मते या साऱ्या कहाणीतला कळीचा टप्पा 1909 चा आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. त्या वर्षी मुंबई सरकारने संग्रहालयासाठी स्वतंत्र कायदा केला आणि विश्वस्त मंडळ अस्तित्वात आले. वास्तुविशारद जॉर्ज विटेटची इमारत अजून व्हायची होती, कलावस्तूंचा पत्ता नव्हता, पण वस्तू स्वीकारायला कायद्याने मान्य असा मालक तयार होता. आपल्या बापजाद्यांचा ठेवा सोडणाऱ्याला पहिली शंका हीच येते की मी गेल्यावर हे कोणाचे? अधिकारी बदलला की विकले तर जाणार नाही? विश्वस्त मंडळ हे त्या शंकेला उत्तर होते. इमारत 1914 मध्ये पूर्ण झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होते. जनतेसाठी दारे उघडली ती 10 जानेवारी 1922 रोजी.

कलाविभागाचा पाया मात्र दानाने घातला नाही, खरेदीने घातला. 1915 मध्ये विश्वस्तांनी शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेतला. मावजी हे नुसते धनिक नव्हते. 'सुवर्णमाला' हे सचित्र नियतकालिक काढणारे आणि त्यासाठी म. वि. धुरंधरांकडून चित्रे करून घेणारे ते रसिक होते. एका जाणत्या माणसाने जमवलेला संग्रह अखंड मिळाला, म्हणून नव्या संग्रहालयाला पहिल्या दिवसापासून दाखवण्यासारखे काही होते.

मग आले टाटा बंधू. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी इंग्लंडात ट्विकनहॅमचे यॉर्क हाऊस घेतले होते. पूर्वेकडच्या आणि युरोपातल्या वस्तूंची त्यांना मनापासून आवड होती. 1918 मध्ये ते वारले आणि 1921 मध्ये त्यांचा संग्रह मुंबईच्या संग्रहालयाला मिळाला. थोरले बंधू सर दोराबजी 1932 मध्ये गेले, पुढच्याच वर्षी त्यांचाही संग्रह आला. सुरुवातीला म्हटलेले जेड, चिनी मातीची भांडी, युरोपीय चित्रे यांचे मूळ इथे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनशी रोजचा संबंध असलेल्या पारशी कुटुंबाने काय विकत घेतले, दिवाणखान्यात काय मांडले, याचा हा नकाशाच म्हणायचा. हे दान आले नसते तर सार्वजनिक पैशातून असल्या वस्तू घेण्याचा ठराव कोणी मांडला असता असे वाटत नाही.

कार्ल खंडालावाला यांचे दान वेगळ्या जातीचे. नानावटी खटल्यातले बचाव पक्षाचे वकील म्हणून मराठी वाचकाला ते ठाऊक असतील. पण लघुचित्रे आणि कांस्यमूर्ती यांचे ते मोठे अभ्यासक होते, संग्रहालयाचे संचालक मोतीचंद्र यांच्याबरोबर त्यांनी संशोधन केले आणि विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपदही सांभाळले. कार्ल आणि मेहेरबाई खंडालावाला यांच्या नावाचे दालन आज तिथे आहे. संग्रहात कुठे उणीव आहे हे आतून माहीत असलेल्या माणसाने दिलेल्या वस्तूंचे मोल निराळे असते. असा दाता मिळणे हे संग्रहालयाचे भाग्य.

पुण्यात याच्या अगदी उलट घडले. दिनकर गंगाधर केळकर यांनी आधीच्या संस्थेला वस्तू दिल्या नाहीत, त्यांच्या वस्तूंमधूनच संस्था झाली. दिवे, अडकित्ते, वज्री, स्वयंपाकघरातली भांडी, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने केलेला हा सगळा पसारा त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. टाटांच्या घरात अडकित्ता संग्रहाची वस्तू ठरला नसता, केळकरांना तो ठरवावासा वाटला. म्हणून मराठी घरातल्या बायकांच्या हातची हत्यारे-भांडी पाहायची तर शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे लागते.

वस्तू आली की तिला आवक नोंदवहीत क्रमांक मिळतो. बऱ्याच संग्रहालयांत या क्रमांकाचा पहिला भाग वर्षाचा असतो आणि पुढचा त्या वर्षातल्या अनुक्रमाचा. त्याच ओळीत दात्याचे नाव, कशी मिळाली, कोणत्या स्थितीत मिळाली. देणगी, खरेदी की उसनी, या एका रकान्यावर पुढचे सारे हक्क ठरतात. जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक भारतीय चित्रांचा संग्रह मुंबईच्या याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 2011 पासून दिसतो, पण तो दान नाही. कापूस व्यापारी असलेल्या निकल्सन यांनी 1968 च्या सुमारास चित्रे घ्यायला सुरुवात केली. 2001 मध्ये ते गेल्यावर संग्रह त्यांच्या नावाच्या न्यासाकडे राहिला आणि करार करून संग्रहालयात आला. प्रेक्षकाला फरक जाणवत नाही, संग्रहालयाला मात्र करार संपताना पुन्हा बोलणी करावी लागतात.

आज कोणाच्या घरी अशी चित्रे असतील तर त्याने संग्रहालयाला द्यावीत यासाठी आपल्याकडचा कायदा फारसे काही करत नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, हे 1972 च्या पुरावशेष कायद्याने पाहिले. पण धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात जी सूट मिळते ती पैशाच्या देणगीला, वस्तूला नाही. अमेरिकेत चित्र दिले तरी त्याच्या किमतीवर करसवलत मागता येते आणि तिथली कितीतरी दालने त्यावरच भरली आहेत. योग्य मूल्यांकनाची अट घालून ती सोय इथेही करायला हवी, आणि वस्तू सांभाळणाऱ्या अभिरक्षकांची रिकामी पदे त्याच वेळी भरायला हवीत.