तोंडातल्या हाडाच्या गाठी (टोरस) : कुठं जास्त, कुठं कमी

टाळूच्या बरोबर मधोमध किंवा खालच्या जबड्याला आतून जिभेच्या बाजूनं हाडाचा कडक उंचवटा तयार होतो, त्याला दातांचे डॉक्टर टोरस म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ फुगवटा. टाळूवरचा तो टोरस पॅलाटिनस, खालच्या जबड्यातला टोरस मँडिब्युलॅरिस, आणि हिरडीवर गालाच्या बाजूनं असे टेंगूळ आले तर त्याला एक्झोस्टोसिस म्हणायचं. तिन्हीत असतं साधं हाडच, वरून पातळ कातडी. कॅन्सर नाही आणि पुढं जाऊन त्याचा कॅन्सर होतही नाही.

हे आधीच सांगून टाकलं कारण मराठवाड्यात 'टाळूला गाठ आलीय' म्हटलं की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यात लोकांची चूक नाही, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी पुड्या मिळतातच अन् तंबाखू मळणारं कुणी ना कुणी बहुतेक घरात असतंय. ओळखायला सोपं आहे. टोरस हाडासारखा टणक लागतो, दुखत नाही, वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो, खालच्या जबड्यातला तर बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखा असतो. याउलट दोन आठवडे झाले तरी भरून न येणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, तोंड कमी उघडायला लागणं, हे काहीही दिसलं की लगेच दाखवायचं, तिथं टोरस म्हणून गप बसायचं नाही.

आता प्रदेशाचा मुद्दा. अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांत टाळूच्या टोरसचं प्रमाण साधारण २० ते ३५ टक्के देतात आणि खालच्या जबड्याच्या टोरसचं ७ ते १० टक्के. थायलंडमधल्या काही पाहण्यांत टाळूचा टोरस निम्म्याहून जास्त लोकांत सापडलाय, म्हणजे तिकडं नसणाराच वेगळा म्हणायची पाळी. पूर्व आशियातले लोक आणि आर्क्टिकमधले इन्युइट यांच्यात खालच्या जबड्याचा टोरसही बराच दिसतो. भारतात साधारणपणे टाळूचा जास्त आणि खालच्या जबड्याचा त्यापेक्षा बराच कमी.

म्हणजे हे सगळं रक्तातून येतं का? घराण्यात चालतं हे खरं, आईला असला तर लेकीत सापडायची शक्यता वाढते, पण नुसत्या रक्तावर हे भागत नाही आणि त्याचं सगळ्यात भारी उदाहरण ग्रीनलंडचं. दहाव्या शतकाच्या शेवटी आइसलंडकडून नॉर्स लोक, म्हणजे मूळचे उत्तर युरोपातले, तिथं जाऊन राहिले, पंधराव्या शतकापर्यंत त्यांची वस्ती टिकली, आणि त्यांच्या दफनभूमीतले जबडे तपासले तर टोरस भरपूर निघाले, शेजारच्या इन्युइटांच्या तोडीचे. रक्त युरोपचं, जबडा मात्र इन्युइटासारखा! वाळवलेलं, चिवट खाणं रोज चावून जबड्यावर ताण पडत असणार, हे त्याचं एक मुख्य स्पष्टीकरण दिलं जातं. नॉर्वेतल्या एका अभ्यासात तर खालच्या जबड्याच्या टोरसमधे आनुवंशिकतेचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास काढला होता अन् बाकीचा परिस्थितीचा. झोपेत दात खाणाऱ्यांत हा टोरस जास्त दिसतो आणि दात पडून गेलेल्या म्हाताऱ्यांत कमी, तेही याच बाजूनं बोलतं. समुद्रातले मासे जास्त खाण्याशीही काहींनी संबंध जोडलाय. आपल्याकडं समुद्र लांब, पण कडक भाकरी चावणारे जबडे भरपूर, तरी म्हणून भाकरीनं गाठ येते असा सरळ हिशोब कुणी मांडू नये, ताण हे अनेक कारणांतलं एक आहे. किनवटकडं फ्लोराइडच्या पाण्यानं दात पिवळे-तपकिरी पडतात, ते प्रकरणही वेगळं, त्याची अन् याची गल्लत नको.

माझ्या मते दोन प्रदेशांच्या आकड्यांत जो फरक दिसतो त्यातला बराचसा मोजणाऱ्याच्या हातात असतो. टोरस दहा वर्षांच्या आत क्वचितच दिसतो, वयात आल्यावर हळूहळू वाढतो. मग समजा अंबाजोगाईच्या एखाद्या शाळेत टॉर्च घेऊन शिबिर केलं तर हाताला फारसं काही लागणार नाही, आणि लातूरला किंवा संभाजीनगरला डेंटल कॉलेजच्या ओपीडीत चाळिशीतले पेशंट तपासले तर आकडा चढेल, जिल्हे शेजारचे आणि माणसं तीच असून. टाळूचा टोरस बायकांत पुरुषांपेक्षा साधारण दुप्पट आढळतो आणि खालच्या जबड्याचा पुरुषांत किंचित जास्त, त्यामुळं ओपीडीला बायका कमी आल्या की टाळूचा आकडा आपोआप घसरतो. त्यात टाळूचे बरेच टोरस चपटे, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उंचीचे, बघून कळतच नाहीत, बोट फिरवून चाचपावं लागतं. एकानं नुसतं बघितलं, दुसऱ्यानं चाचपलं, तिसऱ्यानं जुन्या कवट्या मोजल्या, अन् तिघांचे टक्के एकाच तक्त्यात! असला तक्ता बघताना आधी वय, बाई-पुरुष आणि तपासायची पद्धत बघावी, देश नंतर.

त्रास म्हणाल तर बहुतेकांना कधीच होत नाही, चाळीस वर्षं तोंडात असतो आणि दाढ दाखवायला गेल्यावर पहिल्यांदा कळतं. मोठा असला तर मात्र वरची कातडी पातळ असल्यानं कडक भाकरीचा कोपरा किंवा उकळता चहा तिथंच लागतो आणि जखम भरायला वेळ घेते. हाड ठिसूळ होऊ नये म्हणून बिस्फॉस्फोनेटची औषधं चालू असतील तर अशी जखम डॉक्टरांना आवर्जून सांगायची, कारण तिथलं हाड उघडं पडायचा धोका असतो. खरी अडचण कवळीच्या वेळी येते, टाळूवर उंचवटा असला की कवळी त्याच्यावर डुगडुगते अन् टोचते. लहान असला तर कवळीला आतून तेवढी जागा सोडून भागतं, मोठा असला तर जागा बधिर करून कातडी उघडतात, हाड घासून काढतात आणि टाके घालतात. काढलेलं हाड चांगलं असलं तर कधी कधी त्याच पेशंटच्या जबड्यात दुसरीकडं भरायलाही वापरतात.