बुडणारी बेटे, भरत जाणारी खोरी: रियुनियनपासून मुंबई हायपर्यंत

मादागास्करच्या पूर्वेस, हिंदी महासागरात असलेल्या रियुनियन या फ्रान्सच्या बेटावर २००७ च्या एप्रिल महिन्यात पिटाँ द ला फुर्नेझ या ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. शिलारस डोंगराच्या पायथ्याजवळच्या भेगेतून बाहेर पडून समुद्राला मिळाला आणि खालचा साठा रिकामा होत गेल्यामुळे माथ्यावरच्या दोलोमियो विवराचा तळ काही दिवसांतच तीनशे मीटरहून अधिक खाली कोसळला. हा ज्वालामुखी जगातील सर्वांत क्रियाशील ज्वालामुखींपैकी एक आहे. बहुतेक वेळा त्याचा लाव्हा निर्मनुष्य खोलगट भागातच साठतो. १९७७ मध्ये मात्र तो पिटाँ-सेंत-रोझ या गावात शिरला, तिथल्या चर्चच्या दारापाशी थांबला आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे गेला. या घटनेनंतरच बेटावर कायमस्वरूपी ज्वालामुखी वेधशाळा उभारण्यात आली.

आपल्याकडच्या वाचकाला या दूरच्या बेटाचे अगत्य वाटावे असे एक कारण आहे. सह्याद्रीचे कडे, मराठवाड्यातील काळी माती आणि मुंबईच्या टेकड्या ज्या बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळाच्या, झाल्या आहेत, तो बेसाल्ट ओतणारे उष्णतेचे मूळ आणि रियुनियनखाली आजही धगधगणारे मूळ एकच आहे, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. दोहोंच्या मध्ये सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा काळ आणि चार हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. या काळात काय घडले, याचा पुरावा आज बहुतांशी पाण्याखाली आहे.

भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या, सीमेपासून दूर, समुद्राच्या मधोमध ज्वालामुखी का असावेत, या प्रश्नाचे उत्तर कॅनडाचे भूवैज्ञानिक जे. टुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये हवाई बेटांच्या संदर्भात सुचवले. प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड खडकाळ थरात, खोलवर एक उष्ण जागा जवळजवळ स्थिर राहते आणि तिच्यावरून भूपट्ट सरकत जातो. शिलाई यंत्राची सुई जागच्या जागी वरखाली होते आणि कापड पुढे सरकत असल्यामुळे टाक्यांची रांग तयार होते, तशी येथे ज्वालामुखींची रांग उमटते. पुढे १९७१ मध्ये अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ जेसन मॉर्गन यांनी ही उष्णता प्रावरणाच्या तळापासून वर येणाऱ्या तप्त खडकाच्या स्तंभातून येते, अशी मांडणी केली. अशा जागेला तप्तबिंदू किंवा सरळ हॉटस्पॉट म्हणतात.

रियुनियनच्या हॉटस्पॉटची रांग शोधायची तर नकाशावर बेटापासून ईशान्येकडे जावे लागते. पावणेदोनशे किलोमीटरवर मॉरिशस आहे. तेथील सर्वांत जुना लाव्हा सुमारे ९० लाख वर्षांपूर्वीचा. त्यापलीकडे नाझारेथ आणि साया द मल्हा हे पाण्याखालचे विस्तीर्ण उथळ पठारी भाग लागतात. नंतर रांग तुटल्यासारखी वाटते, कारण मध्ये मध्य हिंदी महासागरी कटक आडवा येतो. हा कटक म्हणजे आफ्रिकी आणि भारतीय भूपट्टांना विलग करणारी, सतत नवा समुद्रतळ तयार करणारी सीमा. तो ओलांडला की चागोस, मालदीव आणि लक्षद्वीप अशी रांग पुन्हा सुरू होते आणि उत्तरेस भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे येते. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीपासून हा कटकच सरकत हॉटस्पॉटवरून गेला. त्यापूर्वीचे टाके भारतीय भूपट्टावर पडले आणि नंतरचे आफ्रिकी भूपट्टावर.

हा केवळ तर्क राहिला नाही, याचे श्रेय १९८७ च्या एका सागरी मोहिमेला जाते. समुद्रतळ वेधण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातील जहाजाने मॉरिशसच्या पोर्ट लुईहून निघून कोलंबोपर्यंत जाताना वाटेत ठिकठिकाणी विंधन विहिरी घेतल्या आणि गाळाखालचा बेसाल्ट वर काढला. सेशेल्सजवळच्या बेसाल्टचे वय सुमारे ६ कोटी ४० लाख वर्षे निघाले, मालदीवच्या पूर्व कडेजवळचे ५ कोटी ७० लाख, चागोसजवळचे ४ कोटी ९० लाख आणि कटकाच्या अलीकडे, नाझारेथ व साया द मल्हा ज्याचे भाग आहेत त्या मस्करीन पठारावरचे ३ कोटी ३० लाख. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा असल्यामुळे ही उतरती मालिका त्याच्याशी नीट जुळली.

मालदीवजवळच्या त्या विहिरीत वयापेक्षाही बोलका पुरावा मिळाला. तेथील बेसाल्ट पाण्याखाली नव्हे, उघड्या हवेत थिजलेला होता, म्हणजे एके काळी ते बेट होते. त्याच्यावर उथळ, उजेड पोहोचणाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या प्रवाळांचा चुनखडक होता आणि त्याच्याही वर खोल समुद्रात सावकाश साठणारा बारीक गाळ. आज ती जागा दोन किलोमीटरहून अधिक खोल पाण्याखाली आहे. बेट, मग प्रवाळाचा उथळ तट, मग खोल समुद्र हा सगळा उतार एकाच नळकांड्यातील खडकांत क्रमाने वाचता येतो.

बेटे बुडतात हे अनुमान चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्येच मांडले होते. बेट खचत असताना त्याच्या कडेने वाढणारा प्रवाळ वरवर येत राहतो आणि शेवटी मधला डोंगर दिसेनासा होऊन फक्त प्रवाळाचे कडे उरते, असे त्यांचे म्हणणे होते. पॅसिफिकमधील एनेवेटाक येथे १९५२ मध्ये खोल विहीर घेतली गेली, तेव्हा सुमारे चौदाशे मीटर चुनखडकानंतर बेसाल्ट लागला आणि एकशे दहा वर्षांनी डार्विन बरोबर ठरले. बेट का खचते, हे मात्र त्यांना सांगता येणे शक्य नव्हते, कारण त्यासाठी लागणारे समुद्रतळाचे ज्ञान त्या काळी नव्हते.

कारण आहे थंड होणे. कटकाशी तयार झालेला नवा समुद्रतळ उष्ण, म्हणून हलका आणि उंच असतो. तो साधारण अडीच किलोमीटर पाण्याखाली असतो. कटकापासून दूर जाताना तो वरून थंड होत जातो, आकसतो, जड होतो आणि खाली बसतो. हे बसणे सरळ वेगाने होत नाही, ते वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. दहा लाख वर्षांत तळ सुमारे ३५० मीटर खचतो, चाळीस लाख वर्षांत ७००, एक कोटी साठ लाख वर्षांत १४००, आणि सहा कोटी चाळीस लाख वर्षे झाल्यावर सुमारे २८०० मीटर. सुरुवातीला घाई आणि पुढे संथपणा, असा हा क्रम आहे. हॉटस्पॉटवर असताना भूपट्ट खालून पुन्हा तापतो आणि फुगून वर येतो. तिथून सरकला की हेच घड्याळ जणू नव्याने सुरू होते. शिवाय काही हजार मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या भाराने त्याखालचा समुद्रतळ वाकतो, आणि पाऊस व लाटा वरून डोंगर पोखरत राहतात.

रियुनियनवर हे पोखरणे डोळ्यांनी पाहता येते. तेथील ३०७० मीटर उंचीचा पिटाँ दे नेज हा जुना ज्वालामुखी हजारो वर्षांपासून शांत आहे आणि त्याच्या अंगावर सिलाओस, सालाझी व माफात या तीन प्रचंड खोलगट दऱ्या कोरल्या गेल्या आहेत. चक्रीवादळांच्या वाटेवरच्या या बेटावर १९६६ च्या जानेवारीत फॉक-फॉक येथे चोवीस तासांत १८२५ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या वेळातील पावसाचा तो जागतिक विक्रम आहे. अशा पावसापुढे बेसाल्टचाही टिकाव लागत नाही. एका टोकाला वाढते रियुनियन, मध्ये झिजलेले मॉरिशस, पलीकडे बुडालेले साया द मल्हा आणि केवळ प्रवाळाने डोके वर ठेवलेले मालदीव, असे एकाच बेटाच्या आयुष्याचे टप्पे या समुद्रात शेजारी शेजारी पाहायला मिळतात. मॉरिशस अर्थात पूर्ण विझलेले नव्हते. मुख्य डोंगर झिजल्यानंतरही तेथे मधूनमधून उद्रेक होत राहिले, आणि भाविकांना परिचित असलेला गंगा तलाव अशाच एका विवरात आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही त्या बेटावर राहतात. ते एका काळ्या कातळावरून त्याच कुळातील दुसऱ्या कातळावर जाऊन वसले, असे भूवैज्ञानिक नक्कीच म्हणेल.

आता जमिनीकडे येऊ. रियुनियनच्या हॉटस्पॉटने समुद्रात बेटे उभारली. त्याआधी खंडाखाली असताना त्याने दख्खनचा लाव्हा ओतला. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले हे थर सर्वत्र सारखे जाड नाहीत. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विहिरीत बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला, तर कोयनेला सुमारे ९३० मीटरवर. दोन्ही ठिकाणी त्याच्या बुडाशी भारतीय खंडाचा प्राचीन स्फटिकी खडक आहे. पश्चिमेकडे थर जाड होत जातात. घाटावर ते जवळजवळ आडवे आहेत, हे खंडाळ्याच्या घाटातून जाणाऱ्याला डोंगरांच्या पायऱ्यांवरून सहज कळते. पनवेल, कल्याण आणि मुंबईच्या परिसरात मात्र तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. या वाकलेल्या पट्ट्याला भूवैज्ञानिक पनवेल वळी म्हणून ओळखतात, आणि माझ्या मते महाराष्ट्राच्या भूरचनेतील सर्वांत दुर्लक्षित महत्त्वाची गोष्ट हीच आहे. खंड जिथे ताणला जाऊन फाटला आणि खाली वाकला, ती कड येथे जमिनीवर दिसते.

फाटून वेगळा झालेला तुकडा म्हणजे सेशेल्स. तेथील ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षे जुना आहे, म्हणजे ही बेटे ज्वालामुखीची नसून खंडाचा अवशेष आहेत. सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी ती भारतापासून सुटली आणि मध्ये अरबी समुद्राचा तळ तयार होऊ लागला. त्या सुमारास मुंबईची जमीन कशी होती, याची खूण वरळीच्या टेकडीत सापडली होती: लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात लहान बेडकांचे जीवाश्म होते, ज्यांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले. परिसरात काही ठिकाणी लाव्हा पाण्यात पडून उशांच्या ढिगासारखा गोलसर थिजलेलाही आढळतो. उद्रेक पूर्ण थांबण्याआधीच किनारपट्टी खचून तेथे उथळ जलाशय झाले होते, असा त्याचा अर्थ.

ताणलेल्या खंडाचे पुढे काय होते, याचे गणित केंब्रिजचे डॅन मॅकेन्झी यांनी १९७८ मध्ये मांडले. कवच ताणले की ते पातळ होते आणि लगेच खाली बसते. त्याचबरोबर उष्ण प्रावरण जवळ येते. ताण थांबल्यावर ते प्रावरण थंड होऊ लागते आणि त्यासोबत जमीन कोट्यवधी वर्षे, हळूहळू मंदावत खचत राहते. हा दुसरा टप्पा म्हणजे मालदीवला बुडवणारी तीच थंड होण्याची क्रिया. फरक इतकाच की समुद्राच्या मधोमध गाळ पुरवणारे कोणी नसते, म्हणून तिथे पाण्याची खोली वाढते; खंडाच्या कडेला नद्या गाळ आणतात, खळगा भरत जातो आणि गाळाच्या वजनाने मूळ खचणे दोन-अडीच पट होते.

खंबायतचे खोरे आणि मुंबईजवळचे सागरी खोरे यांची घडण अशीच झाली. खंबायतच्या खोऱ्यात दख्खनचा बेसाल्ट हा तळ आहे आणि त्यावर काही किलोमीटर जाडीचा गाळ; १९६० मध्ये अंकलेश्वरला सापडलेले तेल त्याच गाळातले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, ‘सागर सम्राट’ या समुद्री खोदकाम-मंचाने १९७४ मध्ये शोधलेले मुंबई हाय हे खचणाऱ्या खोऱ्यातील एक उंचवट्याचे ठिकाण होते. आजूबाजूचा भाग खोल जात असताना त्यावर उथळ पाणी राहिले आणि चुनखडक साठला. शेजारच्या खोल भागात पुरलेल्या जुन्या गाळातील सेंद्रिय पदार्थ खालच्या उष्णतेने शिजून तेल झाले, आणि ते वर सरकत या सच्छिद्र चुनखडकात अडकले. काही तेल तर खालच्या भेगाळलेल्या बेसाल्टमध्ये आणि ग्रॅनाइटमध्येही मिळाले आहे.

ही सगळी कथा सर्वांना मान्य आहे असे नाही. प्रावरणातून एवढा मोठा स्तंभ वर आला असता, तर लाव्हा येण्याआधी जमीन किलोमीटरभर तरी उचलली गेली असती. पण अनेक ठिकाणी दख्खनचा लाव्हा सपाट, सखल भूमीवर पसरलेला दिसतो. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांनी यासारखे आक्षेप सातत्याने मांडले आहेत आणि उष्ण स्तंभाऐवजी खंडाच्या ताणाला व जुन्या भेगांना अधिक महत्त्व दिले आहे. वयाची मालिका समजावून सांगण्यात स्तंभाची कल्पना सरस ठरते असे मला वाटते. पण उंचावण्याच्या आक्षेपाला दिलेली उत्तरे मला तितकी समाधानकारक वाटत नाहीत.

बेट आणि खंड यांच्यातील रेघही पूर्वी वाटत होती तितकी ठळक राहिलेली नाही. २०१३ मध्ये मॉरिशसच्या किनाऱ्यावरील वाळूत झिरकॉन या खनिजाचे असे कण सापडले की ज्यांचे वय ६६ कोटी ते १९७ कोटी वर्षे होते, जेव्हा बेट स्वतः ९० लाख वर्षांचे आहे. वाळू वाऱ्याने किंवा माणसाच्या हातून कुठूनही येऊ शकते, अशी शंका तेव्हा घेतली गेली. २०१७ मध्ये जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातील लुईस ॲश्वल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉरिशसच्याच ५७ लाख वर्षांपूर्वीच्या ट्रॅकाइट खडकाच्या आतून तीनशे कोटी वर्षांपर्यंत जुने झिरकॉन काढून दाखवले. ते कण शिलारसाने वर येताना खालच्या एखाद्या बुडालेल्या खंडाच्या तुकड्यातून उचलून आणले असले पाहिजेत. या तुकड्याला अभ्यासकांनी ‘मॉरिशिया’ असे नाव दिले आहे. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून दूर जाताना असे तुकडे मध्ये सुटले, ताणले जाऊन पातळ झाले आणि नंतर लाव्हाखाली गाडले गेले. लक्षद्वीपच्या प्रवाळाखालील बुडालेल्या डोंगररांगेतही, निदान उत्तरेकडील भागात, ताणलेले खंडीय कवच असावे असे गुरुत्व आणि भूकंपलहरींच्या मोजमापांवरून अनेक अभ्यासकांचे मत आहे.