पेशी-जैवसंवेदक (अन्नपरीक्षण)

अन्नातील रोगकारक जीवाणू किंवा त्यांचे विष ओळखण्यासाठी जिवंत प्राणिपेशी वापरणारे साधन. पीसीआर या डीएनएच्या प्रती वाढवून जीवाणू ओळखणाऱ्या चाचणीला मेलेल्या जीवाणूचा डीएनएही पुरतो. या साधनात मात्र पेशीला प्रत्यक्ष इजा व्हावी लागते. लिस्टेरिया मोनोसायटोजीनस घातक, तर त्याचा भाऊबंद लिस्टेरिया इनॉक्युआ निरुपद्रवी. हा भेद पेशीच्या मरण्या-जगण्यातून कळतो.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात अरुण भूनिया यांच्या गटाने यासाठी उंदराच्या बी-लिंफोसाइटपासून बनवलेला पेड-2ई9 हा संकरित पेशीवंश वापरला. कोलॅजेन या प्रथिनाचे थंड, आम्लधर्मी द्रावण उदासीन करून त्यात पेशी मिसळतात आणि 37° से.ला जेल जमू देतात. वर संवर्धित (जीवाणू वाढू दिलेला) अन्ननमुना घालतात. जीवाणूचे लिस्टेरिओलायसिन-ओ हे विष पेशीपटलातील कोलेस्टेरॉलला धरून छिद्रे पाडते आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर बाहेरच्या द्रवात येते. त्यात पॅरा-नायट्रोफिनिल फॉस्फेट घातले की पिवळा रंग चढतो. तो 405 नॅनोमीटरला मोजतात. ट्रायटन एक्स-100 या साबणासारख्या रसायनाने फोडलेल्या पेशींचे मापन 100 टक्के, नुसत्या पोषक माध्यमातल्या पेशींचे शून्य धरतात.

चुका बहुधा नमुन्यामुळे होतात. कच्च्या दुधात हेच विकर मुळातच असते, म्हणून तुलनेसाठी चाचणीच्या थाळीत पेशी न घालता नुसता नमुना घातलेली एक खाच हवीच. आंबट पदार्थ सामू न सुधारता घातला, तर पेशी आम्लानेच मरतात. भांड्याला राहिलेला साबणही तेच करतो. अशा वेळी थोडा नमुना उकळून, गार करून तपासावा: तरीही पेशी मेल्या तर दोष बहुधा या विषाचा नाही. उलट, माध्यमातील रक्तद्रवाचे कोलेस्टेरॉल विषाला आधीच अडकवते आणि पेशी वाढवताना घातलेले पेनिसिलिन चाचणीतही राहिले, तर जीवाणूच दबतो. दोन्हींत निकाल खोटा नकारात्मक येतो, आणि अन्नतपासणीत तोच जास्त महाग पडतो.

एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेची 2003 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘कॅनरी’ पद्धत निराळी. तिच्या बी-पेशींवर ठरावीक जीवाणूचे प्रतिपिंड असतात आणि आत जेलीफिशचे एक्वोरिन हे कॅल्शियम मिळताच प्रकाशणारे प्रथिन. जीवाणू चिकटला की पेशीत कॅल्शियम वाढते आणि काही मिनिटांत प्रकाश दिसतो. वेग मोठा, पण मेलेला जीवाणूही पेशी उजळवू शकतो.

बॅसिलस सिरियसचे वांतीकारक विष सेरुलाइड उकळूनही टिकते आणि मायटोकाँड्रियावर घाव घालते. त्यासाठी विकरगळतीपेक्षा डुकराच्या शुक्रपेशींची हालचाल थांबते का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत अधिक कामाची.